दुखत नाही म्हणणाऱ्या आजीची टाच

मी नर्स होते असं कळलं की लोक हमखास विचारतात, "रक्त बघून काही वाटत नाही का हो?" नाही वाटत. पहिल्या वर्षी वाटतं, मग हात कामाला लागतात आणि वाटायला सवड राहत नाही. रत्नागिरीच्या एका इस्पितळात मी तेहतीस वर्षं काढली. घाटात उलटलेल्या गाड्या पाहिल्या, माडावरून पडलेली माणसं पाहिली, कोयता पायावर बसलेले पाहिले. पण निवृत्त होऊन इतके दिवस झाल्यावरही जिची आठवण मला अस्वस्थ करते ती बाई ओरडली नाही, रडली नाही, तिने एकदासुद्धा बेल वाजवली नाही. आमच्या वॉर्डात तिच्यासारखी गुणी पेशंट दुसरी नव्हती. तिथेच घात झाला.

तिचं नाव जानकीबाई. खेड तालुक्यातल्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली, सत्तरीची, काटक. भातकापणीच्या दिवसांत गोठ्याच्या जांभ्याच्या पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी खेडला दाखवलं, तिथून तिला आमच्याकडे रत्नागिरीला आणलं. बरोबर सून होती, प्रमिला. पस्तिशीची, कमी बोलणारी, सासूला आत्या म्हणणारी. मुलगा दत्ता मुंबईत एका कंपनीच्या गोदामात कामाला. तो ऑपरेशनपुरता दोन दिवस आला आणि जाताना आईला बजावून गेला, "आये, अजिबात हलू नको हां. हललीस तर आतलं सगळं निखळंल."

हे त्याने प्रेमाने सांगितलं. आणि तिने ते देवाचा शब्द असल्यासारखं पाळलं.

आता थोडं आमच्या कामाविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठ्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून भूल देणारे डॉक्टर कधी कधी पाठीत, मणक्यांच्या मधून, एक अगदी बारीक नळी बसवून ठेवतात. दोन-तीन दिवस तिच्यातून थेंब थेंब औषध जात राहतं. कमरेखालचं दुखणं थांबतं. ज्या पेशंटला पूर्वी कूस बदलताना ब्रह्मांड आठवायचं, तो आरामात पडून चहा पितो. आमच्याकडे ही पद्धत तेव्हा नवीन आली होती आणि मला तिचं फार कौतुक होतं. त्याआधीची कित्येक वर्षं मी माणसांचं कण्हणं ऐकलं होतं. इंजेक्शनची वेळ व्हायला अजून तासभर आहे हे त्यांना सांगण्याचं काम माझ्याकडेच असायचं.

पण औषध जरा जड पडलं की दुखण्याबरोबर पायांची जाणीवही जाते. पाय ओंडक्यासारखे पडून राहतात. आपण सगळे झोपेतसुद्धा कूस बदलतो, पाय हलवतो, ते कशामुळे? एका जागी भार आला की तिथे अवघडतं, रग लागते म्हणून. ज्याला रग लागतच नाही, तो हलत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिरडत राहते, तिथलं रक्त थांबतं आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. माकडहाड, खुबे आणि टाचा या त्याच्या आवडत्या जागा. टाचेला तर मांसच नाही, हाडावर नुसती कातडी. याला आम्ही बेडसोअर म्हणतो. लोकांना वाटतं, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्यांनाच तो होतो. एका दिवसातसुद्धा होतो.

हे सगळं मला माहीत होतं. शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. लकवा झालेल्या पेशंटला मी घड्याळ लावून कुशीवर करायचे. पण हसतमुख, बोलत्या, दुखत नाही म्हणणाऱ्या बाईला हा धोका असेल हे डोक्यात आलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी आणि टेम्पोची टक्कर झाली आणि आमच्या वॉर्डात एकदम सात जण आले. कुणाचा हात लोंबतोय, कुणी आईच्या नावाने टाहो फोडतंय. मी त्या सातांमध्ये पळत होते. मध्येच जानकीबाईंच्या खाटेपाशी थांबले.

"आजी, दुखतंय का?"

"नाय गो बाय. आंगाखाली फुलं घातल्यागत वाटतंय."

मी तक्त्यावर लिहिलं, दुखणं शून्य. निघणार तेवढ्यात प्रमिला हळूच म्हणाली, "शिस्टर, आत्या कालधरनं उताणीच हाय. वाईच कुशीला करू काय?"

या ठिकाणी मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "राहू दे गं. कधी नव्हे ती निवांत पडलीय, आराम करू दे तिला."

दोन उशा आणि दोन माणसं पुरली असती. पाच मिनिटांचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाठीतली नळी काढली. संध्याकाळी प्रमिला सासूच्या पायांना खोबरेल तेल चोळायला बसली आणि तिने मला हाक मारली. "शिस्टर, हे काळं कसलं?"

मी बघितलं. ऑपरेशन झालेल्या पायाच्या टाचेवर रुपयाहून मोठा डाग होता. पिकलेल्या रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, असतो तसा जांभळट लाल. मी बोटाने दाबून पाहिलं. चांगल्या कातडीवर बोट दाबलं की ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर पुन्हा लाल होते. ही पांढरी पडली नाही. तशीच राहिली. डाग वरून एवढा दिसत असेल तर आत किती असेल ते मला ठाऊक होतं.

"काय झालंय गो?" जानकीबाईंनी विचारलं.

"टाचेला जरा लागलंय," मी म्हणाले.

"मना तर कळलंच नाय."

दोन दिवसांत तिथे फोड आला, पुढच्या आठवड्यात काळी खपली धरली. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. एक्स-रे दाखवून सर्जन खूश होते. पण बाई पाय टेकून उभी राहायची कशी? टाचेवर भार द्यायचा नाही म्हणजे चालायचं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाने चालायचं नाही म्हणजे पुन्हा खाटच.

शनिवारी दत्ता मुंबईहून आला. राउंडला डॉक्टर त्याला म्हणाले, "वय झालंय, रक्तपुरवठा कमी असतो, होतं असं." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. दत्ताने मान हलवली. मी फाइल घेऊन बाजूला उभी होते आणि मला वाटलं, चला, सुटलो.

सुटका तासभरही टिकली नाही. तो पॅसेजमध्ये बाकावर बसून बिस्किटाचा पुडा फोडत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "दत्ता, वय आहे ते खरं. पण आमच्याकडूनही राहिलं. तिचे पाय बधिर होते. तिला दर दोन तासांनी हलवायला हवं होतं, टाच उचलून ठेवायला हवी होती. तुझ्या बायकोने मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

त्याने फोडलेला पुडा पुन्हा मिटला. मग म्हणाला, "मी तिला चालती करून न्यायला आणलेली, शिस्टर." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. उठून तो आईच्या खाटेकडे गेला, आणि त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

जानकीबाईंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ड्रेसिंग करता करता, मान खाली घालून. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुद्दाम केलंस काय?"

"नाही हो आजी."

"मग झालं तर. मना दुखत नव्हतं, मना बरं वाटलं. मी गप पडलेली, तुला बरं वाटलं. दोघी फसलो." आणि थोड्या वेळाने, "पन आता शिमग्याच्या आत मना उभी कर. पालखी येती दारात. घरात मोठी मीच हाय."

त्यांच्या वाडीत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. घरातली थोरली बाई, नवरा असो नसो, उंबऱ्यात उभी राहून देवीची ओटी भरते. नवरा गेल्यापासून सगळ्या सणांतला हा एक मान जानकीबाईंनी जपला होता. सत्तरीच्या जिवाचं खुब्याचं हाड मोडल्यावर डॉक्टर काय विचारतात, पाय किती अंश वाकतो. तिचा हिशेब वेगळा होता. पालखीला उभं राहता येईल की नाही.

बाराव्या दिवशी घरी सोडलं. घर म्हणजे खेडचं नव्हे. रोज ड्रेसिंगला तिथून कोण आणणार? दत्ताचा एक चुलतभाऊ भाट्याला दोन खोल्यांत राहायचा, तिथे सासू-सुना राहिल्या. मी ड्यूटी संपली की स्कूटर काढून खाडीवरच्या पुलावरून भाट्याला जायचे. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. कुणी जा म्हटलं नव्हतं. घरी आमचे हे एकदा म्हणाले, "किती दिवस जाणार?" मी म्हटलं, "टाच भरेपर्यंत." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मात्र पुढच्या खेपेला माझ्या पिशवीत घरची पिकलेली केळी ठेवली.

टाचेची जखम फार सावकाश भरते. काळी खपली घट्ट असेल तोवर तिला हात लावायचा नाही, कोरडी ठेवायची आणि टाच कशालाही टेकू द्यायची नाही. खपली सुटली की खाली खड्डा दिसतो. तो तळापासून भरत यावा लागतो. मी प्रमिलाला सगळं शिकवलं. हात कसे धुवायचे, पट्टी कशी काढायची, वास आला तर काय करायचं. उशी टाचेखाली घालायची नाही, पोटरीखाली घालायची, म्हणजे टाच अधांतरी राहते. ती एकदाच बघायची आणि दुसऱ्यांदा माझ्यापेक्षा नीट करायची. एकदा तिने मला विचारलं, "शिस्टर, त्या दिवशी मी तुमचं न ऐकता कुशीला केली असती तर?"

"तर मी तुला ओरडले असते," मी म्हणाले, "आणि आजी चालत घरी गेल्या असत्या."

तेव्हापासून तिला काही खटकलं की ती मला थेट सांगायची. "पट्टी घट्ट झालीय, शिस्टर." मी सैल करायचे.

शिमग्यापर्यंत जखम भरली नाही. आवळ्याएवढी होती ती सुपारीएवढी झाली, पण मिटली नाही. तरी जानकीबाईंनी हट्ट धरला आणि डॉक्टरांनी गाडीने गावी न्यायला परवानगी दिली. टाचेवर भार द्यायचा नाही या अटीवर. पालखीच्या दिवशी संध्याकाळी प्रमिलाने मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. ढोल वाजतायत, अंगण माणसांनी भरलंय आणि उंबऱ्यात जानकीबाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्यायत, पाय स्टुलावर. उभ्या नाहीत. पालखी नाचवत आणणारे दाराशी आले, त्यांनी तिला पाहिलं, आणि कुणी काही न सांगता त्यांनी ढोल थांबवला, पालखी खांद्यावरून खाली घेतली आणि तिच्या मांडीशी टेकवली. तिने बसल्या बसल्या ओटी भरली. कपाळ टेकवलं. मागे दत्ता दिसत होता, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत.

व्हिडिओ मी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिला. सगळ्यांना तो प्रसंग गोड वाटला असेल. मलाही वाटला. पण बाईला उभं राहायचं होतं.

वैशाखात टाच भरली. जानकीबाई काठी घेऊन चालायला लागल्या, जरा लंगडत. अंगणात, शेजारी, देवळापर्यंत. शेताच्या बांधावर मात्र पुन्हा कधी गेल्या नाहीत.

त्या काळात मी आमच्या भूल देणाऱ्या मॅडमना जाऊन म्हटलं होतं, "ती पाठीतली नळी बंद करा. माणूस ओरडलेला बरा." त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण शांत डोक्याच्या. म्हणाल्या, "सिस्टर, दुखणं परत द्यायचं लोकांना? नळीमुळे पेशंट मोकळं खोकून कफ काढतात, खोल श्वास घेतात, लवकर उठून बसतात. तिचा दोष नाही. दुखणं जे काम करत होतं ते आता आपण करायचं, एवढंच ठरवायचं राहिलं."

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. नळी असलेल्या प्रत्येक पेशंटच्या खाटेला एक कागद. दर दोन तासांनी कूस, दोन्ही टाचा अधांतरी, आणि दर पाळीला अंगावरची चादर काढून हाडाच्या जागा डोळ्यांनी बघायच्या. पेशंटला नुसतं "दुखतंय का" विचारायचं नाही, "पाय हलवून दाखवा" म्हणायचं. पाय हलत नसतील तर मॅडमना फोन, त्या औषध कमी करतात. आम्ही शिकलो तेव्हा लाल झालेल्या जागी स्पिरिट-पावडर लावून जोरात चोळायचो, टाचेखाली पाणी भरलेले रबरी हातमोजे ठेवायचो आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. दोन्ही चुकीचं. जिथलं मांस आधीच दुखावलंय तिथे चोळून आणखी दुखवत होतो, आणि मोज्यावर टाचेचा भार तसाच राहत होता. हे सोडायला जुन्या बायांना फार जड गेलं, मला धरून.

पेशंटही सहजासहजी ऐकत नसत. हेदवीकडचे एक रमाकांतभाऊ होते. जन्म बोटीवर गेलेला, मोठमोठ्या मालवाहू जहाजांवर, आता निवृत्त. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. मुलाने त्यांच्यासाठी हवेची गादी आणली होती, ती मोटरवर सारखी फुसफुस करत असायची. मी कूस बदलायला गेले की ते हात आडवा धरायचे.

"सिस्टर, ही गादी ऑटोमॅटिक आहे. तुमची गरज नाही. मला झोपू द्या."

पहिल्या दिवशी मी समजावलं. दुसऱ्या दिवशी वैतागले. मग स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "भाऊ, तुमच्या बोटीला आपोआप चालायचं यंत्र होतं ना?"

"होतं की. ऑटोपायलट. सरळ रेषेत नेतो."

"मग ते लावून तुम्ही सगळे झोपायचात का?"

"झोपायचात?" ते उसळलेच. "अहो, ब्रिजवर, सुकाणूपाशी, माणूस पाहिजेच! वॉच असतो चार-चार तासांचा. समोरून मच्छीमाराची होडी आली तर यंत्राला काय कळतंय?"

बोलून झाल्यावर ते मिशीत हसले आणि म्हणाले, "फसवलंत मला. करा कुशीवर."

त्या दिवसापासून तेच आम्हाला सळो की पळो करून सोडायला लागले. दोन तासांवर पाच मिनिटं झाली की अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज यायचा, "वॉच बदला! कोण आहे ड्यूटीवर?" शेजारच्या खाटांवरच्या माणसांच्या वेळाही त्यांनी पाठ केल्या. नव्या मुली त्यांना घाबरायच्या. घरी गेले तेव्हा त्यांची पाठ लहान बाळासारखी होती, आणि वॉर्ड आठवडाभर सुना वाटला.

अशी नीट गेलेली माणसं पुष्कळ. त्यांची नावं मला आठवत नाहीत. काही झालंच नाही, तर आठवणार काय? माझ्या कामातलं चांगलं काम हे असं, मागे काही खूण न ठेवणारं.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. "शिस्टर, मी प्रमिला. खेडवरनं." आणि मग, "आत्या गेली. परवा."

जानकीबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. शेवटचे तीन महिने त्या अंथरुणावरच होत्या, उठवत नव्हतं, बोलणंही कमी झालं होतं. मी विचारलं, त्रास झाला का? दत्ता होता का जवळ? होता म्हणाली. आईच्या आजारपणात तो नोकरी सोडून गावीच आला होता, तिला कुशीवर करायला दोन माणसं लागतात म्हणून.

"शिस्टर, तुमाला एक सांगायचं होतं, म्हनून फोन केला," प्रमिला म्हणाली. "आंघोळ घालायच्या आधी मी बायांना म्हटलं, वाईच थांबा. आनि सगळं बघितलं. पाठ बघितली. खुबे बघितले. दोनी टाचा बघितल्या. कुटं एक डाग नाय, शिस्टर. लाल पन नाय."

तिला वाटलं फोन कटला.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय गं," मी म्हणाले. "कसं केलंस, सगळं सांग."

मी खुर्ची ओढून बसले आणि ती पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.